कुमुदताई आणि गावाचा मळका बर्फ

कुमुदताई खानझोडे आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चहा नको म्हटलं आणि नळाचं पाणी मागितलं. माझी बायको नीला पेला भरायला लागली, तर त्यांनी पर्समधून एक स्वच्छ धुतलेली काचेची बरणी काढून ओट्यावर ठेवली.

"प्यायला नाही बाप्पा, न्यायला. आधी पाच मिनिटं नळ वाहू दे, मग भर. आणि झाकणाला आतून हात लावू नको."

नीलानं माझ्याकडे पाहिलं. आम्हाला त्या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. निम्मी खोकी उघडायची राहिली होती. समोरच्या घरात मराठी कुटुंब आहे हे कळल्यावर आम्हाला कोण आनंद झाला होता, आणि त्या कुटुंबातली बाई आल्या आल्या आमच्या पाण्यावर संशय घेत होती.

"पाण्यात काही आहे का हो?" नीलानं विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" कुमुदताई म्हणाल्या.

हे वाक्य मी पुढं सहा वर्षं ऐकलं. कधी कौतुकानं ऐकलं, बऱ्याचदा चिडून ऐकलं. आज वाटतं, त्या बाईचं सगळं मोठेपण त्या वाक्यात होतं आणि ती हरली तीही त्याच वाक्यामुळे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मोटारींचे कारखाने मागे पडून मक्याची शेतं सुरू होतात तिथं एका छोट्या गावानं घरांची नवी सबडिव्हिजन पाडली होती. मी मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत डिझाइनला होतो. चाळीस-पन्नास घरं, प्रत्येकापुढं कोवळं मेपलचं झाड, आणि प्रत्येक घराला स्वतःची बोअर. गावाची पाइपलाइन अजून आमच्यापर्यंत आली नव्हती. बेसमेंटमधला पंप गुरगुरला की मला बरं वाटायचं. आपल्या जमिनीतलं आपलं पाणी! पुण्याच्या घरी पत्रात मी तसं लिहिलंही होतं.

त्याच पत्रात मी आणखी एक गोष्ट कौतुकानं लिहिली होती. इथं रात्रभर गुडघाभर बर्फ पडला तरी सकाळी आठला रस्ते मोकळे असतात. मीठ टाकतात, नांगरासारख्या पात्याच्या गाड्या बर्फ ढकलतात, ट्रक उचलून नेतात. तो बर्फ नेऊन टाकतात कुठं, हा प्रश्न मला पडला नाही. कुमुदताईंना पडला. कारण तो आमच्या घरांच्या मागेच येत होता.

आमच्या रस्त्यामागं एक ओढा होता, त्याच्या काठानं विलोची झाडं, आणि ओढ्यापलीकडे खडी काढून सोडून दिलेला मोठा खड्डा. तो गावाच्या मालकीचा. डिसेंबरपासून तिथं सकाळी सहाला ट्रक लागायचे. मागे घेताना त्यांची टीं-टीं सगळ्या रस्त्याला जागं करायची. मुख्य रस्त्यांचा बर्फ, मॉलच्या पार्किंग लॉटचा, बँकेचा, शाळेचा. आधी खड्डा भरला, मग त्यावर ढीग झाला, जानेवारीअखेर दोन मजली घराएवढी टेकडी. पहिले दोन दिवस पांढरी, मग राखाडी, मग काळी. मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे गवत डोकं वर काढायचं तेव्हाही ती टेकडी तिथंच, जळक्या कोळशासारखी, बुडातून पाझरत उभी असायची.

कुमुदताई मूळच्या नागपूरच्या. केमिस्ट्रीतल्या एमएस्सी. सरकारी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं नोकरी केलेली. जीपमधून खेडोपाडी जाऊन विहिरींचे नमुने आणायचे, तपासायचे, वाईट असली तर विहिरीवर लाल फुली मारायची. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या आणि इथल्या लोकांनी त्यांच्या डिग्रीला विचारलं नाही. मग एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अर्धा दिवस लघवी तपासायची नोकरी धरली. "तिथं विहिरी, इथं हे," त्या म्हणायच्या, "शेवटी पाणीच आहे." हे सांगताना त्या हसायच्या, पण ते हसू फार वेळ टिकायचं नाही.

बांधा ठेंगणा, आवाज मोठा. साडीवर नवऱ्याचा जुना पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, आणि पायात पुरुषी बूट, असा त्यांचा हिवाळी वेश. आणि बोटं काळी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, नखांच्या कडांपर्यंत तपकिरी-काळे डाग. पहिल्यांदा मला वाटलं भाजलं असेल. नंतर त्यांचं बेसमेंट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. वॉशिंग मशिनच्या शेजारी एका टेबलावर स्टँड, स्टँडला उभी काचेची नळी, खाली पांढरी बशी, बाजूला गडद रंगाच्या बाटल्या. शाळांना सामान पुरवणाऱ्या कॅटलॉगमधून त्यांनी ते एकेक करून मागवलं होतं. पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात पिवळा रंग घालायचा, वरून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडायचं. पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाण्यात मीठ जास्त. ते सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की कातडी काळी पडते आणि आठवडा आठवडा जात नाही.

त्यांचे यजमान मनोहरराव अबोल, सज्जन गृहस्थ. मला एकदा म्हणाले, "लोकांच्या बायका मॉलमध्ये जातात. आमच्या हिला लोकांच्या नळावर जायचं असतं." पण दर शनिवारी बरण्यांचं खोकं उचलून तिच्यामागं चालायचे तेच.

आमच्या पाण्याचा निकाल दोन दिवसांनी आला. "सध्या ठीक आहे," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये परत नेईन. मे महिन्यात परत." एका जाड वहीत प्रत्येक घराचं एक पान होतं. तारीख, किती थेंब, आदल्या दिवशी ऊन होतं की नाही. शेवटच्या पानांवर ओढ्याची नोंद. तिथं आकड्यांशिवाय शब्दही होते: "विलोच्या खड्ड्याकडच्या फांद्यांना पालवी नाही." "बेडूक आज ऐकू आले नाहीत."

मे महिन्यात त्या परत आल्या तेव्हा आमचे थेंब वाढले होते. खड्ड्याला लागून असलेल्या घरांचे त्याहून जास्त. "बर्फ वितळून राहिला ना," त्यांनी हातानं दाखवलं. "रस्त्यावर टाकलेलं मीठ त्याच्यात आहे. खाली सगळी खडीच आहे, चाळणीसारखी. कुठं जाईल ते? आपल्या बोअरमध्ये."

"आणि ते तेल, पेट्रोल?" मी विचारलं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. आम्ही मोटारीतलेच लोक, आम्हाला ते माहीत होतं. "शिसंही असेल की त्या बर्फात."

"असेल. पण शिसं मला घरी मोजता येत नाही. म्हणून मी त्याबद्दल बोलणार नाही."

मला तेव्हा हा हट्ट वाटला. समोर काळाकुट्ट ढीग दिसतोय आणि ही बाई म्हणते बोलणार नाही!

पुढच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. आसपासच्या दहा-बारा गावांतून मराठी बायका तास-तासभर ड्राइव्ह करून आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, पोरं बेसमेंटमध्ये दंगा करताहेत. मी नीलाला सोडायला गेलो होतो आणि मनोहररावांशी दारातच बोलत उभा होतो, म्हणून मला ते दिसलं. तिळगुळाच्या ताटाशेजारी कुमुदताईंनी एक मोठी काचेची बरणी ठेवली होती. आदल्या दिवशी टेकडीवरून बादलीभर बर्फ आणून तो तिच्यात वितळवला होता. तळाशी दोन बोटं काळा गाळ, मधे सिगारेटची थोटकं, वर तेलाची रंगीत साय.

"हे काय आहे कुमुदताई?" कुणीतरी विचारलं.

"हा बर्फ. आपली पोरं ज्याच्यावर घसरगुंडी खेळतात तो. आणि तोंडात घालतात तो."

ताटाकडे गेलेले दोन-तीन हात मागं आले. मग एका डॉक्टरीणबाईंनी हसत म्हटलं, "अहो, आजच्या दिवशी तरी गोड बोला!" त्यावर सगळ्या सुटल्यासारख्या हसल्या. कुमुदताईही हसल्या, पण बरणी त्यांनी हलवली नाही. वाण घेताना त्यांच्या काळ्या बोटांकडे दोघी-तिघींनी पाहिलेलं मी पाहिलं. परतताना गाडीत नीला म्हणाली, "त्यांचं खरं आहे रे. पण जागा, वेळ काही असतं ना!" मी मान डोलावली. आता वाटतं, कोणती जागा? कोणती वेळ? त्यांना ती आम्ही कधी दिली होती?

त्या टेकडीवर पोरं खेळायची हे खरं होतं. सपाट मिशिगनमध्ये एवढी उंच घसरगुंडी आयती मिळाल्यावर कोण थांबणार? कुमुदताई दुपारी कामावरून आल्या की साडी वर खोचून, बूट चढवून ओढ्यापलीकडे जायच्या आणि खाली उभ्या राहून पोरांना हाकलायच्या. पोरं त्यांना हसायची. एकदा एका अमेरिकन आईनं त्यांना सुनावलं की तुमची पोरं नाहीत, तुम्ही मधे पडू नका. कुमुदताईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "म्हणूनच मला वेळ आहे."

फेब्रुवारीत आमची रेवा तळहात कापून घेऊन घरी आली. आठ वर्षांची होती. ट्रकनं बर्फाबरोबर कुठून तरी गंजकी तार आणली होती आणि ती टेकडीतून वर आलेली. नीला घरी नव्हती. मी रक्त पाहूनच गडबडलो आणि रेवाला उचलून समोर नेलं. कुमुदताईंनी तिला ओट्यावर बसवलं, हात साबणानं धुतला, बराच वेळ धुतला. पोर ओरडत होती, तरी सोडला नाही.

"किती वेळा सांगितलं होतं गं तुला?"

"एव्हरीबडी गोज देअर, काकू!" रेवा हुंदके देत म्हणाली.

"हो ना. एव्हरीबडी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टिटॅनसचं इंजेक्शन आजच द्या. आणि उद्या हात सुजला तर थांबू नका."

हात सुजला. ताप आला. पोरगी चार दिवस हॉस्पिटलात होती. बरी झाली, तळहातावर एक आडवी रेघ राहिली. इतकं झाल्यावर मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. मी ते केलं नाही, ते पुढं येतंच.

आमच्या रस्त्याच्या टोकाला, खड्ड्याला अगदी लागून, हेलन नावाची वृद्ध बाई एकटी राहायची. ती नवी वसाहत होण्याच्या कितीतरी आधीची, तिच्या नवऱ्यानं बांधलेल्या जुन्या घरात. हृदय अशक्त झालेलं, पाय सुजायचे, डॉक्टरनं मीठ पूर्ण बंद केलेलं. ती बिचारी उकडलेला बटाटा आणि अळणी सूप खाऊन राहायची आणि तरी सूज उतरत नसे. डॉक्टर रागवायचा, मुलगी फोनवर रागवायची की तू चोरून काहीतरी खातेस. एक दिवस ती कुमुदताईंपुढं रडली. म्हणाली, "माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही."

कुमुदताईंनी तिच्या नळाची बरणी पुन्हा भरून आणली. त्या संध्याकाळी मनोहररावांनी मला बोलावून घेतलं. नळीतलं औषध संपत आलं तरी बशीतला पिवळा रंग पिवळाच होता. कुमुदताईंनी नळी दुसऱ्यांदा भरली. रंग विटकरी झाला तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. "म्हातारी मीठच पिऊन राहिली आहे," त्या म्हणाल्या. "रोज. चहातून, सुपातून. आणि तिलाच सगळे खोटं पाडतात!"

दुसऱ्या दिवसापासून त्या सुपरमार्केटमधून पाण्याचे मोठे कॅन आणून हेलनच्या दारात पोचवायला लागल्या. महिन्याभरात सूज पुष्कळ उतरली. हेलननं त्यांना आपल्या हातानं विणलेले लोकरीचे मोजे दिले. मला वाटलं, झालं, आता पुरावा मिळाला, आता गावाला ऐकावंच लागेल.

कुमुदताईंनी अर्ज लिहिला. मागणी साधी होती. गावाचा बर्फ घरांमागं, ओढ्याशेजारी टाकू नका. विमानतळाच्या बाजूला गावाचीच मोकळी, चिकणमातीची जमीन आहे, तिथं न्या. पाणी जिरणार नाही अशी जागा करा, तळ्यात साठू द्या, मग पुढं सोडा. नकाशासुद्धा काढला होता. अर्जावर सह्या घ्यायला त्या घरोघर फिरल्या. अमेरिकन घरांतून थोड्या मिळाल्या. काहींनी तोंडावर सांगितलं, पाणी खराब म्हणून बोभाटा झाला तर उद्या आमची घरं कोण घेईल? आपल्या लोकांच्या घरी त्यांना चहा मिळाला, चिवडा मिळाला, सह्या दोनच मिळाल्या.

आमच्याकडे आल्या तेव्हा नीलानं सही केली. मी केली नाही. माझ्या विभागाचा प्रमुख त्याच गावाच्या कौन्सिलवर निवडून आलेला होता आणि आमच्या कंपनीत दर महिन्याला माणसं कमी होत होती. मी ते कुमुदताईंना सांगितलं. जरा लांबण लावूनच सांगितलं, मोटारधंदा, जपानी गाड्या, घराचे हप्ते. त्या ऐकत राहिल्या. रेवा मागं टीव्ही पाहत बसली होती, हाताची पट्टी नुकतीच निघालेली.

"बरं," कुमुदताई म्हणाल्या आणि वही मिटली. त्यांनी भांडायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं.

कौन्सिलची सभा मे महिन्यात झाली. मी शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलो होतो. प्रत्येक नागरिकाला बोलायला तीन मिनिटं. कुमुदताईंनी निळी रेशमी साडी नेसली होती आणि वही छातीशी धरली होती. त्यांचं इंग्लिश व्यवस्थित होतं, पण नागपुरी ठेक्यातलं. पहिल्या मिनिटालाच एक सभासद चुळबुळ करायला लागला. त्यांनी घरांची पानं वाचली, ओढ्याची वाचली. मग हेलनचं सांगितलं. तेव्हा मात्र लोकांनी माना वळवल्या. हेलन पहिल्या रांगेत काठी धरून बसली होती.

अध्यक्ष पुढं वाकले. "मॅडम, या बाईंचा आजार आमच्या बर्फामुळे वाढला, असं तुम्ही खात्रीनं सांगता का?"

एक शब्द पुरला असता. आम्ही सगळे, मीसुद्धा, त्या एका शब्दाची वाट पाहत होतो.

कुमुदताईंनी हेलनकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता येत. त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिचं औषधही बदललं होतं. सूज पाण्यामुळे उतरली की औषधामुळे, ते मला वेगळं करता येत नाही. मी एवढंच सांगू शकते की तिच्या पाण्यातलं मीठ दर वसंतात वाढतं, आणि ते खड्ड्याच्या बाजूनं येतं."

"म्हणजे खात्री नाही," अध्यक्ष म्हणाले आणि मागं टेकले. घंटा वाजली. मग गावाच्या इंजिनिअरनं उठून सांगितलं की नियमात पाण्यातल्या मिठाची जी मर्यादा आहे ती चवीपुरती आहे, आरोग्याची नव्हे. "शेवटी बर्फ म्हणजे पाणीच, मॅडम." लोक हसले. माझा विभागप्रमुखही हसला.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं. मला त्यांचाच राग आला होता. "कुमुदताई, हो म्हणायचं होतं ना! तुम्हालाही आतून तेच वाटतं ना?"

"वाटतं."

"मग?"

"सुधीर, उद्या त्यांनी तिच्या डॉक्टरला बोलावलं आणि त्यानं औषधाचं सांगितलं, तर माझी सगळी वही खोटी ठरेल. अख्खी वही!" त्यांचा आवाज चढला. "तीन वर्षं मोजलं आहे मी. आणि त्यांना पाहिजे होता एक शब्द. मोजलेलं नको होतं कोणाला."

मनोहररावांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. त्या बसल्या आणि दार त्यांनी स्वतःच ओढून आपटलं.

चौकशी व्हावी एवढं मात्र सभेत ठरलं. गावानं नेमलेला माणूस नमुने घ्यायला आला तो ऑक्टोबरमध्ये. टेकडी वितळून चार महिने झाले होते. खड्ड्यात हिरवं गवत आणि दोन बदकं. त्यानं ओढ्याचं पाणी घेतलं, दोन घरांचं घेतलं, हेलनचं घेतलं नाही, कारण हेलनला तिची मुलगी ओहायोला घेऊन गेली होती आणि घराला कुलूप होतं. कुमुदताई कामावरची सुट्टी टाकून त्याच्यामागं फिरत होत्या. "एप्रिलमध्ये या," त्या म्हणत होत्या. "पहिलं ऊन पडतं तेव्हा या. मी तारीख सांगते तुम्हाला." तो भला माणूस होता. म्हणाला, "मला ऑक्टोबरमध्येच पाठवलंय." अहवालात सगळं मर्यादेत निघालं.

हेलन त्याच हिवाळ्यात ओहायोत वारली. कुमुदताईंना ते मुलीच्या छापील कार्डावरून कळलं. त्यांनी ते कार्ड वहीत हेलनच्या पानाला लावलं आणि त्या पानावर पुढं काही लिहिलं नाही.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. त्या दर एप्रिलला पत्र पाठवत राहिल्या, गावाला, काउंटीला, राज्याला. उत्तरं येत होती, सभ्य, छापील. आणि मग, सभेनंतर दोन वर्षांनी, अचानक गावानं आमच्या सबडिव्हिजनला पाइपलाइन दिली. रस्ते खणले, नळ जोडले, बोअर सिमेंटनं बंद केल्या. बोअर बंद झाली की तक्रारच संपली, हा त्यातला हिशेब. लोकांना मात्र आनंद झाला. घरांची किंमत वाढली. जुलैत सगळ्यांनी मिळून रस्त्यावर बार्बेक्यू केला आणि कुणीतरी कुमुदताईंसाठी केक आणला. वर आयसिंगनं 'थँक यू' लिहिलेलं. ज्यांनी सही दिली नव्हती तेही टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो.

कुमुदताईंच्या हातात सुरी दिली. त्यांनी ती खाली ठेवली.

"आता तर ते आणखी टाकतील," त्या म्हणाल्या. आधी इंग्लिशमध्ये, मग आमच्याकडे वळून मराठीत. "कळून नाही राहिलं का तुम्हाला? आता कोणी पीत नाही म्हणतील. मी पाइपलाइन मागितली होती का? मी म्हटलं होतं, टाकू नका! ओढ्याला कोण पाइपलाइन देणार? त्या झाडांना कोण देणार? पोरं काय सिमेंट लावून बंद करणार?"

मनोहररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला आणि घरात निघून गेल्या. लोकांनी केक कापला. शेजारचा अमेरिकन मला म्हणाला, "तिला कधीच समाधान नसतं, नाही?" मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला अजून आठवतं.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या गावाचे ट्रकसुद्धा त्या खड्ड्यावर येऊ लागले. टेकडी विलोच्या शेंड्यांपर्यंत गेली. जूनमध्ये, लोक चड्ड्या घालून हिरवळ कापत असताना, खड्ड्यात काळ्या बर्फाचा थर होता. ओढ्याकाठचे विलो एकेक वाळले. पाणी चांगलं म्हणून नव्या तरुण जोडप्यांनी घरं घेतली आणि त्यांची पोरं टेकडीवर चढली. कुमुदताई अजून दुपारी खाली उभ्या राहायच्या, पण आता त्यांचे गुडघे दुखत आणि ओढा ओलांडताना थांबावं लागे.

त्यानंतरच्या वर्षी मला कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नोकरी मिळाली. जिथं बर्फ नाही, असं आम्ही सगळ्यांना आनंदानं सांगत होतो. घर एका तरुण जोडप्यानं घेतलं, त्यांना चार वर्षांची मुलगी होती. घर दाखवताना नवऱ्यानं मागच्या खिडकीतून विचारलं, "ती कसली टेकडी?" ऑगस्ट होता, खडीचे ढीग होते नुसते. मी म्हटलं, "गावाची जागा आहे. मोकळीच असते."

निघायच्या आदल्या दिवशी घराचा एक दाखला आणायला मी गावाच्या कचेरीत गेलो. दाखला हातात पडला आणि वळलो, तर भिंतीकडच्या खुर्चीवर कुमुदताई बसलेल्या. केस पुष्कळ पिकले होते. मांडीवर जाड पाकीट.

"निघाला का?" त्यांनी विचारलं. "बरं झालं बाप्पा. नीलाला म्हणावं, पत्र टाक."

"तुम्ही इथं?"

"माहितीचा अर्ज द्यायचा आहे. कुठून कुठून ट्रक येतात त्याची यादी पाहिजे. साहेब जेवायला गेले म्हणते ती खिडकीतली पोरगी. मी म्हटलं, बसते." मग जरा जवळ वाकून म्हणाल्या, "नवीन लोकांना सांगितलं ना टेकडीचं? पोरगी लहान आहे म्हणे."

"सांगितलं," मी म्हणालो.

मी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. माझा शब्द त्यांनी मोजून पाहिला नाही, तसाच घेतला.

तेवढ्यात खिडकीतल्या पोरीनं त्यांना बोलावलं. साहेब आज परत येणार नाहीत, अर्ज ठेवून जा म्हणाली. कुमुदताई उठल्या, गुडघ्यावर हात देऊन सरळ झाल्या आणि खिडकीपाशी गेल्या. "ठेवून जाणार नाही. पोच द्या," त्या म्हणाल्या. पोरीनं उसासा टाकून रजिस्टर ओढलं आणि नाव विचारलं.

मी दारापर्यंत पोचलो होतो. मागून त्यांचा आवाज येत होता, न चिडता, एकेक अक्षर सुटं करून: "के. एच. ए. एन. झेड... नो, मिस, नॉट जी. झेड. प्लीज राइट इट अगेन."